हद्द वाढली, चौक कुठे वाढले?

सोलापूर महापालिकेची हद्द १९९२ साली वाढली तेव्हा ३३ चौरस किलोमीटरचं शहर कागदावर एकदम १७८.५७ चौरस किलोमीटरचं झालं. बाळे, केगाव, देगाव, सोरेगाव, कुमठे, शेळगी, दहिटणे, मजरेवाडी अशी आसपासची गावं शहरात आली. पाचपटीहून मोठं झालेलं हे शहर माणसांनी मात्र त्या वेगानं कधीच भरलं नाही. २००१ च्या जनगणनेत सोलापूरची लोकसंख्या ८,७२,४७८ होती, २०११ मध्ये ९,५१,५५८. म्हणजे दहा वर्षांत जेमतेम नऊ टक्के वाढ. त्याच दशकात महाराष्ट्र सोळा टक्क्यांनी वाढला. पुढची, २०२१ ची जनगणना झालीच नाही. पण शिकलेली पोरं पुण्याला जातात आणि आई-बाप इथं राहतात, हे कळायला सोलापुरात जनगणनेची गरज पडत नाही.

तरीही शहर पसरतंय. विजापूर रोडला सैफुलच्या पुढे, होटगी रोडला, अक्कलकोट रोडला, पुणे रोडला बाळ्याच्या पलीकडे, जिकडे बघावं तिकडे प्लॉटिंगचे फलक आहेत. माणसं न वाढताही शहर पसरू शकतं, कारण प्लॉट राहण्यासाठीच घेतला जातो असं नाही. पुण्यात नोकरी करणारा मुलगा गावाकडे काहीतरी असावं म्हणून घेतो, निवृत्त होणारा शिक्षक फंडाच्या पैशातून घेतो, कारखानदार पैसे अडकवायला घेतो. मग दहा प्लॉटांमागे दोन घरं उभी राहतात आणि बाकीच्यांवर वेडी बाभूळ.

या पसरण्याबद्दल आपल्याकडे तक्रारी भरपूर होतात. रस्ते झाले नाहीत, दिवे नाहीत, ड्रेनेज नाही, पाणी चार-पाच दिवसांनी येतं. सगळं खरं आहे. पण रस्त्याची तक्रार आपण नेहमी डांबराची म्हणून मांडतो, काँक्रीटची म्हणून मांडतो, रुंदीची म्हणून मांडतो. माझं म्हणणं असं की हद्दवाढ भागाचं खरं दुखणं डांबरात नाही आणि रुंदीतही नाही. तिथले रस्ते एकमेकांना मिळतच नाहीत. रस्ता आहे, पण तो पुढच्या रस्त्याला जाऊन भेटत नाही. आणि ही गोष्ट एकदा चुकली की खड्ड्यासारखी पुढच्या बजेटात बुजवता येत नाही, ती पिढ्यान् पिढ्या तशीच राहते.

हे होतं कसं, ते नीट बघण्यासारखं आहे. मुख्य रस्त्याला लागून एका शेतकऱ्याची अडीच-तीन एकर जमीन असते. एक गट नंबर, चार बाजूंना चार बांध. एजंट येतो, मोजणी होते, मुख्य रस्त्यावरून आत एक रस्ता आखला जातो आणि त्याच्या दोन्ही अंगांना प्लॉट पडतात. हा रस्ता पलीकडच्या बांधापर्यंत न्यायचा की अलीकडेच एका आडव्या प्लॉटनं बंद करायचा, हा निर्णय तिथंच, सर्व्हेअरच्या टेबलावर, अर्ध्या चहात होतो. बांधापर्यंत नेला तर एक प्लॉट जातो आणि शेजाऱ्याच्या जमिनीला आयता रस्ता मिळून त्याचा भाव वाढतो. शेजाऱ्याचा भाव आपण आपल्या खर्चानं का वाढवायचा? प्रश्न अगदी रास्त आहे. त्यामुळे रस्ता बंद होतो. पाच वर्षांनी शेजाऱ्याची जमीन निघते तेव्हा त्याच्यापुढे तोडून जोडायला काही उरलेलंच नसतं. तो मुख्य रस्त्यावरून स्वतःची वेगळी वाट काढतो आणि तीही बांधापाशी संपवतो.

असे पन्नास गट एकाशेजारी एक पडले की काय तयार होतं? मुख्य रस्त्याला दोन्ही बाजूंनी फुटलेले पन्नास आखूड फाटे, ज्यांतला एकही दुसऱ्याला मिळत नाही. चादर विणणाऱ्या या गावाला सांगायला हरकत नाही : ताणा ताणून ठेवलाय, बाणा टाकलेलाच नाही.

यात गुंठेवारीनं भर घातली. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. शेतजमिनीचे बारीक तुकडे करून विकू नयेत म्हणून केलेला. पण शहराच्या कडेला गरीब माणसाला परवडणारा प्लॉट म्हणजे एक गुंठा, ३३ बाय ३३ फूट. खरेदीखत होत नव्हतं म्हणून नोटरीवर व्यवहार झाले, सात-बाऱ्यावर सामायिक नावं लागली. मंजूर लेआऊट नाही म्हणजे ओपन स्पेस नाही, रस्त्याची मोजलेली रुंदी नाही, दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीनं मागं जायचं. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं १ जानेवारी २००१ पर्यंतची अशी बांधकामं नियमित करायची सोय केली, २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेली. माणसाच्या डोक्यावरचं छप्पर कायदेशीर झालं, हे चांगलंच झालं, त्यावर कुणी नाक मुरडू नये. पण छपराबरोबर तिथली रस्त्यांची आखणीही जशी होती तशी कायम झाली. आणि हा दोष केवळ गुंठेवारीचा आहे असं समजून मंजूर लेआऊटवाल्यांनी कॉलर ताठ करू नये. बाहेर कमान, आत पेव्हर ब्लॉक, गेटवर वॉचमन आणि चारही बाजूंनी कंपाउंड अशा रो-हाऊसच्या सोसायट्यांत रस्ता चकचकीत असतो आणि तोही कुठेच जात नाही.

जुनं सोलापूर असं नव्हतं. मी जुन्या गावाची भलामण करायला बसलेलो नाही. कसब्यातल्या काही बोळांत उन्हाचा कवडसाही येत नाही, आणि वाड्याच्या दारात जाऊन संपणारे बोळही तिथे आहेत. पण बाळीवेशीतून निघालेल्या माणसाला चाटी गल्लीत, तिथून मधल्या मारुतीला जायचं असेल तर एक वाट तुंबली म्हणून तो अडत नाही. दुसऱ्या गल्लीतून निघतो. पूर्व भागात तर हे आणखी स्पष्ट दिसतं. साखर पेठ, भद्रावती पेठ, जोडभावी पेठ इथं पुढे माग, मागे घर अशी वस्ती. सुताची गाठोडी यायची, टॉवेल-चादरीचे गठ्ठे जायचे, रंगाऱ्याकडे, घडीवाल्याकडे दिवसभर हेलपाटे. प्रत्येक आळीला पुढची आळी मिळाल्याशिवाय हा धंदा चाललाच नसता. कुणी विद्वान नगररचनाकार बसून हे करून गेला असं नाही, धंद्याची निकडच तशी होती.

या फरकाचा जगभरात अभ्यास झालेला आहे. ख्रिस्तोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी आधी अमेरिकेतल्या शतकभराच्या रस्त्यांचा, आणि मग २०२० मध्ये ओपनस्ट्रीटमॅपचा खुला नकाशा वापरून जवळपास सगळ्या जगाच्या रस्त्यांचा हिशेब मांडला. त्यांनी रस्त्याची लांबी किंवा रुंदी मोजली नाही. चौकात किती वाटा मिळतात, किती रस्ते मुके संपतात, आणि सरळ रेषेतल्या अंतरापेक्षा प्रत्यक्षात किती जास्त चालावं लागतं, हे मोजलं. निष्कर्ष असा की १९७५ नंतर जगात जे नवे रस्ते पडले ते एकंदरीत आधीच्यापेक्षा कमी जोडलेले आहेत. अमेरिकेत ही घसरण नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली आणि मग उलटली, काही शहरांनी बंद रस्त्यांवर निर्बंध आणले. याउलट आग्नेय आशियात बंद गेटच्या वसाहतींमुळे ती वाढत गेली. पण मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळी आहे. एखाद्या भागात रस्ते पहिल्यांदा जसे पडतात, तसेच ते पुढे राहतात. शेजारी नवी वस्ती होते तीही त्याच वळणाची होते.

त्याचा पुरावा सोलापुरात उघड्या डोळ्यांनी दिसतो. १८७७ साली सुरू झालेली जुनी मिल बंद पडली, लक्ष्मी-विष्णू मिल गेली, नरसिंग गिरजी गेली. भोंगे थांबले, कामगारांची पुढची पिढी पांगली. वाडे पाडून अपार्टमेंट झाले, टॉकीज पाडून मंगल कार्यालयं झाली. पेठांतल्या गल्ल्यांच्या रेषा मात्र जिथं होत्या तिथंच आहेत. इमारत शंभर वर्षांत दोनदा बदलते, रस्ता बदलत नाही. कारण इमारत एका मालकाची असते आणि रस्त्याच्या कडेला चाळीस मालक असतात.

संयुक्त राष्ट्रांचा मानवी वसाहतींचा विभाग म्हणतो की चांगल्या शहरात एका चौरस किलोमीटरला साधारण शंभर चौक असावेत. म्हणजे साधारण दर शंभर मीटरला एक. हा आकडा काही देववाणी नाही. पण सातरस्त्याच्या आसपास उभं राहून, आणि मग होटगी रोडच्या एखाद्या नव्या वसाहतीत उभं राहून, पुढचा चौक किती पावलांवर आहे ते ज्यानं त्यानं मोजून बघावं.

याचा त्रास गाडीवाल्याला कमी, पायी चालणाऱ्याला जास्त. सोलापुरात पायी चालणारं कोण आहे? बिडी वळणाऱ्या बायका. हजारो घरांत अजून सूप मांडीवर घेऊन बिड्या वळल्या जातात, आणि वळलेला माल रोज ब्रँचवर, म्हणजे बिडी कारखान्याच्या शाखेवर, नेऊन द्यावा लागतो, तिथूनच उद्याची पानं आणि तंबाखू आणायची. जाताना बिड्या, येताना पानांचं ओझं. ब्रँच उशिरा गाठली तर रांग लांबते, रांग लांबली की घरी स्वयंपाक लांबतो. तिच्या घराची मागची भिंत आणि ब्रँचच्या गल्लीची भिंत यांत पंधरा फुटांचं अंतर असलं, तरी रस्ता मुख्य रस्त्यावरून वळसा घेऊनच असेल, तर तिला त्या पंधरा फुटांचा काय उपयोग? रिक्षाचं सीट दोन्ही वेळा परवडत नाही. नकाशावर तिचं घर ब्रँचजवळ आहे. पायांना तसं वाटत नाही.

अशा ठिकाणी लोक काय करतात ते विजापूर रोडच्या एका वसाहतीत मी बघितलंय. रस्ता जिथं संपतो तिथं विटांची कंपाउंड भिंत. तिच्या एका कोपऱ्यातले वरचे काही थर पाडलेले, उरलेल्या विटांच्या कडा येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कपड्यांनी घासून गुळगुळीत झालेल्या. अलीकडे चढायला कुणीतरी दोन ओतीव ब्लॉक रचून ठेवलेले. पलीकडे शाळा. मालकानं एकदा काटेरी बाभळीच्या फांद्या टाकल्या, त्या दोन दिवसांत बाजूला झाल्या. मग तार ओढली, ती वाकली. आधी दप्तर पलीकडे टाकायचं, मग स्वतः उडी मारायची, हे तिथल्या लहान पोरांनाही सरावानं जमतं. एक आजोबा भिंतीला टेकून उभे होते, त्यांना विचारलं तर म्हणाले, “पलीकडं मुलीचं घर हाय बघा. हितनं हाक मारली तर ओ देती. जायचं म्हटलं तर रिक्षा करावी लागती.” नगररचना विभागानं कुठलाही महागडा सर्व्हे करण्याआधी शहरभर फिरून अशा पाडलेल्या भिंती टिपाव्यात. कुठे रस्ता हवाय ते लोकांनी विटा काढून आधीच सांगून ठेवलंय.

रस्ते न जुळण्याची किंमत फक्त पायांनी मोजायची नसते. रस्ता जसा जातो तसाच पाण्याचा पाइप जातो, ड्रेनेज जातं, विजेची तार जाते. रस्ता फाट्यासारखा एका टोकाला संपला की पाइपही तसाच संपतो. उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटर येऊन शेवटच्या चारशे मीटरमध्ये दम टाकतं, कारण ते एकाच बाजूनं येतं आणि वाटेत प्रत्येक घराची मोटार त्याला ओढत असते. पाइप दोन्ही बाजूंनी जोडून वेटोळं केलं तर दाब बराच सारखा राहतो, दुरुस्तीसाठी एक बाजू बंद केली तरी दुसरीकडून पाणी येतं. हे पाणीपुरवठ्याच्या कोणत्याही इंजिनिअरला ठाऊक आहे, पण पाइप जोडायला मधे जमीन लागते आणि तिथं कुणाचा तरी प्लॉट असतो. घंटागाडीचंही तेच. आत गेली तर वळायला जागा नाही, पूर्ण गल्ली रिव्हर्स यावं लागतं, म्हणून ड्रायव्हर तोंडाशीच थांबून गाणं वाजवतो आणि गल्लीच्या टोकाच्या घरांचा कचरा मोकळ्या प्लॉटवर जातो. रुग्णवाहिका आणि अग्निशमनच्या गाडीबद्दल तर बोलायलाच नको.

आणि वाहतुकीची कोंडी? सोलापुरात कोंडी म्हटलं की रुंदीकरण किंवा उड्डाणपूल असे दोनच उपाय आपल्याला सुचतात. शहरातल्या उड्डाणपुलांच्या गप्पा कित्येक वर्षं चालू आहेत, भूसंपादनाच्या फायली या टेबलावरून त्या टेबलावर जातायत. पण मुख्य रस्त्यावर इतकी गर्दी का होते, हे कुणी विचारत नाही. पुणे, तुळजापूर, हैदराबाद, अक्कलकोट, होटगी, विजापूर, मंगळवेढा अशा दिशांना चाकाच्या आऱ्यांसारखे रस्ते फुटलेत आणि एका आऱ्यावरून शेजारच्या आऱ्यावर जायला मधे रस्ताच नाही. त्यामुळे शेजारच्या वसाहतीतल्या दुकानातून कोथिंबीर आणायला निघालेला माणूसही हायवेच्या ट्रकबरोबर त्याच रस्त्यावर येतो. त्यात रेल्वेचे रूळ. १८६० साली रेल्वे सोलापुरात आली तेव्हापासून शहराचे दोन भाग आहेत, आणि पलीकडे जायला पूल आणि बोगदे मोजकेच. सगळी वाहतूक त्याच मोजक्या तोंडांत कोंबली जाते. केगाव–हत्तूर बायपास झाला, जड वाहनांना बाहेरून वाट मिळाली, ते फार बरं झालं. पण बायपास म्हणजे शहराबाहेरच्या माणसाची सोय. शहरातल्या माणसाला शहरातल्या शहरात इकडून तिकडे जायचं असतं, त्याला तो काय कामाचा?

यावर ठरलेले आक्षेप आहेत. पहिला सुरक्षिततेचा. बंद गल्ली असली की परका माणूस येत नाही, पोरं रस्त्यावर खेळू शकतात, चोऱ्या होत नाहीत. यातलं पोरांचं खरं आहे. भरधाव मोटरसायकली कुणालाच दारातून नको असतात. पण म्हणून माणसांचीही वाट बंद करायची गरज नाही. त्याच जागतिक पाहणीत डेन्मार्क, जर्मनी, ब्रिटनसारख्या देशांचं निरीक्षण आहे : तिथं गाडीसाठी बंद असलेली गल्ली पायी आणि सायकलवाल्यांसाठी पुढे उघडी असते. टोकाला दोन खांब रोवले की झालं. आपल्याकडे बोळ म्हणून ही चीज शतकानुशतकं होती, नव्या लेआऊटमध्ये ती हद्दपार झाली, कारण बोळ विकता येत नाही. चोरीचं म्हणाल, तर ज्या गल्लीत दिवसभर माणूस जात-येत असतो तिथं चोराला जास्त अडचण, असं मला वाटतं. पोलिसांचं मत वेगळं असू शकतं.

दुसरा आक्षेप : नवी पेठ एवढी जोडलेली असून तिथं मुंगीला शिरायला जागा नाही, मग जोडून फायदा काय? नवी पेठेतली गर्दी बाजाराची आणि रस्त्यावर लावलेल्या गाड्यांची आहे. दिवाळीच्या दिवसांत तिथं गाडी नेणाऱ्याला कुणी वाचवू शकत नाही, पण चालणारा तिथंही पोहोचतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा आहे. जमीन. खासगी मालकाच्या जमिनीतून रस्ता काढायचा तर पैसे कोण देणार? इथं आपण एक गोष्ट विसरलोय. शेतीत हा प्रश्न कायद्यानं कधीच सोडवलेला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ नुसार शेतात जायला वाट नसलेल्या शेतकऱ्याला तहसीलदार बांधावरून रस्ता देऊ शकतो. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम ५ खाली तो मोकळा करून मागता येतो. रस्त्यावरून भावकी कोर्टात जाते, डोकी फुटतात, पण कुणबी माणसाला पुढच्याच्या शेतातून जाण्याचा हक्क आहे हे तत्त्व कुणी नाकारत नाही. तीच जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, झाली, तिचे प्लॉट पडले, की बांध जातो आणि बांधाबरोबर वाटही जाते. चार माणसं ये-जा करत होती तेव्हा वाट होती. चारशे माणसं राहायला आली आणि वाट बुजली.

हद्दवाढीत आलेल्या प्रत्येक गावाचा जुना गावनकाशा आहे. त्यावर गाडीवाटा आहेत, पाणंद रस्ते आहेत, दोन गावांच्या शिवेवरचे शिवरस्ते आहेत. या वाटा महापालिकेच्या आधीच्या, लेआऊटच्या आधीच्या, आणि बऱ्याचशा अजून सरकारी नोंदीत आहेत. हे नकाशे आजच्या नकाशावर ठेवून बघितले तर जोडणीचा अर्धा सांगाडा आयता मिळेल. काही ठिकाणी त्यावर घरं झाली असतील, ती सोडून द्यावीत. जिथं अजून कुंपण किंवा उकिरडा आहे तिथली वाट आजच मोजून, खुणेचे दगड लावून घ्यावी. हे काम भूमी अभिलेख आणि महापालिका यांनी एकत्र बसून करायचं आहे, म्हणजे अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

वाट टिकते ती तिच्यावरून कुणीतरी चालत राहतं म्हणून. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत उंच काठ्यांचे नंदीध्वज निघतात तेव्हा सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेल्या ६८ लिंगांची प्रदक्षिणा होते. एवढ्या उंच काठ्या गावातून न्यायच्या तर वरच्या तारा, केबल, कमानी, सगळं बाजूला करावं लागतं, आणि दरवर्षी ते होतं. त्या मार्गावर कुणी ओटा पुढे काढून वाट अडवण्याची हिंमत करत नाही. बाकीच्या शहरातल्या वाटांना असा धनी नाही. त्यांना धनी म्हणजे विकास आराखडा, आणि आराखड्यावरच्या रस्त्याचं काय होतं ते आपण बघतो. डीपी रोडची, म्हणजे आराखड्यातल्या रस्त्याची, रेघ वीस वर्षं कागदावर पडून राहते, भूसंपादनाला पैसे नसतात, मालक नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस देतो, मुदतीत पैसे भरले नाहीत की आरक्षण व्यपगत होतं. शिवाय डीपीत रेघा असतात त्या मोठ्या रस्त्यांच्या. आतले लहान रस्ते ज्याच्या-त्याच्या लेआऊटवर सोडलेले. शेजारच्या जमिनीच्या विकासाचा विचार करून लेआऊट करावा अशी अपेक्षा नियमावलीत आहे, पण शेजारी अजून ज्वारी उभी असेल तर विचार कशाचा करायचा, असं म्हणून फाइल पुढे जाते. खरं तर तेव्हाच रस्ता बांधाला भिडवून ठेवायला हवा. दर शंभर-सव्वाशे मीटरला एक रस्ता हद्दीपर्यंत नेलाच पाहिजे, तिथं प्लॉट टाकता येणार नाही आणि भिंत घालता येणार नाही, एवढी एक अट लेआऊट मंजुरीत घालायला भूसंपादनाचा एक रुपया लागत नाही.

याहून चांगला उपाय आपल्याच कायद्यात आहे आणि सोलापुरानं तो एकेकाळी वापरलेलाही आहे. जुन्या घरांच्या कागदांवर ‘टीपी स्कीम’ आणि ‘फायनल प्लॉट नंबर’ असे शब्द असतात, ते त्याचेच. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्यापासून ही पद्धत आहे. शंभर-दोनशे एकरांतले सगळे मालक एकत्र धरायचे, आधी रस्ते, बागा, शाळेच्या जागा आखायच्या, आणि उरलेली जमीन चौकोनी प्लॉट करून त्याच मालकांना प्रमाणात परत द्यायची. प्रत्येकाची थोडी जमीन जाते, पण प्रत्येकाला रस्ता मिळतो आणि भाव वाढतो. कुणाला विस्थापित करावं लागत नाही. अहमदाबाद बऱ्याच अंशी असंच वाढलं. २००१ च्या भूकंपानंतर भुजच्या जुन्या शहरातही हीच पद्धत वापरून गच्च वस्तीतून नवे रस्ते काढले. महाराष्ट्रात १९६६ च्या कायद्यात तरतूद तशीच असून आपण ती जवळजवळ विसरलो, कारण लवाद, हरकती, सुनावण्या यांत योजना वर्षानुवर्षं रखडायच्या. रखडण्याचा दोष पद्धतीचा नाही, मुदत न पाळण्याचा आहे. देगाव किंवा दहिटण्याच्या बाजूला अजून सलग रान आहे. तिथं ही योजना आज करता येते, दहा वर्षांनी येणार नाही.

आतून जोडलेलं असणं पुरेसं नसतं, हेही सांगितलं पाहिजे. कुंभारीच्या माळावर आधी बिडी कामगार बायकांची दहा हजार घरं झाली, मग रे नगर. तीस हजार घरांच्या या वसाहतीतल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. असंघटित कामगाराला स्वतःच्या नावाचं पक्कं घर मिळालं, आणि त्यामागे या कामगारांची वर्षानुवर्षांची चळवळ आहे. आतले रस्ते सरळ, एकमेकांना मिळणारे. पण सगळी वस्ती शहराच्या बाहेर, आणि काम शहरात. आतला चौक कितीही जवळ असला तरी शहराकडे जाणारी वाट लांबची आणि गर्दीची असेल तर रोजचं भाडं मजुरीतूनच जातं. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर वसवलेल्या नव्या गावांतही असंच झालं होतं. रुंद, काटकोनात आखलेले रस्ते, आणि घरांमधली अंतरं इतकी की म्हाताऱ्या माणसाला पारावर जाणं जड. म्हणून जोडणी आणि जवळीक या दोन्ही गोष्टी एकदम हव्यात. हद्दवाढीत मोकळे पडलेले हजारो प्लॉट आधी भरले, तर माळावर जायची वेळच कमी येईल. रिकाम्या प्लॉटवर दरवर्षी चढता कर लावा, असं मी म्हटलं तर माझ्याच ओळखीतली निम्मी माणसं बोलायची बंद होतील.

आता पैशांचं. जी वस्ती होऊन गेली तिथं नवे रुंद रस्ते काढणं शक्य नाही, घरं पाडावी लागतील आणि पाडू नयेत. तिथं हव्यात लहान जोडण्या, माणूस आणि दुचाकी जाईल एवढ्या. दोन मीटर रुंद आणि पन्नास मीटर लांब वाट म्हणजे शंभर चौरस मीटर, म्हणजे जवळपास बरोबर एक गुंठा. ज्या शहरात सगळी जमीन गुंठ्यानं विकली गेली, तिथं महापालिकेनं नेमक्या जागी एकेक गुंठा बाजारभावानं रोख विकत घ्यावा. टीडीआर, म्हणजे पैशांऐवजी दुसरीकडे विकता येणारा जादा बांधकामाचा हक्क, देऊ करू नये. सोलापुरात जमीन अजून इतकी आहे की वरच्या मजल्याचा हक्क विकत घ्यायला बिल्डर रांग लावून उभा नाही, आणि मालकाला ते माहीत आहे. कोणता गुंठा आधी घ्यायचा हे ठरवणंही अवघड नाही : ज्या एका जोडणीनं सगळ्यात जास्त घरांचा सगळ्यात जास्त वळसा वाचेल ती पहिली. खुला नकाशा आणि इंजिनिअरिंग कॉलेजची दोन हुशार पोरं असली तर अशी यादी एका सेमिस्टरमध्ये होईल. एका उड्डाणपुलाच्या पैशात अशा किती वाटा निघतील, हा हिशेब स्थायी समितीत एकदा तरी मांडला जावा.

विरोध मालकाकडून होईलच असं नाही, त्याला पैसे मिळणार आहेत. विरोध होईल तो गल्लीच्या शेवटच्या घरांकडून. आज टोकाची जागा त्यांचीच असल्यासारखी आहे. तिथं त्यांची कार लागते, वाळवण पडतं, लग्नाचा मांडव पडतो, गणपती बसतो. उद्या तिथून परकी माणसं जाऊ लागणार. विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा ही घरं झाडून सगळी हजर असतात, ‘आमच्या प्लॉटवरचं आरक्षण काढा’ म्हणणारे मालक हजर असतात, वकील असतात, नगरसेवक असतात. भिंतीवरून उडी मारणारी पोरं आणि पानांचं ओझं घेऊन वळसा घालणाऱ्या बायका मात्र सुनावणीला येत नाहीत, त्यांना तारीखच कळलेली नसते. ती तारीख बिडीच्या ब्रँचवर आणि शाळेच्या फळ्यावर लावायला महापालिकेला किती खर्च येतो?